लिव्हर-ॲक्शन रायफलवर पुढे स्कोप बसवताना

लिव्हर-ॲक्शन रायफलवर (खालचा दांडा हलवून काडतूस भरतात ती) स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, डोळ्याजवळ न लावता पुढे बॅरलवर बसवायचं ठरवलंत, निवड छान केलीत. हात लावण्याआधी रायफल रिकामी करा. चेंबर (गोळी सुटण्याआधी काडतूस बसतं ती जागा) बघाच, पण मॅगझिनची, म्हणजे काडतुसं साठवायची, नळीही बघा. तिथेच एखादं काडतूस राहून जातं.

नवखे हमखास चुकतात ते इथे: घरात पडलेला साधा स्कोप पुढे लावतात. त्याला डोळा ३-४ इंचांवर लागतो, त्यामुळे पुढे बसवला की मधोमध इवलंसं चित्र आणि भोवती काळोख. स्काउट स्कोपच घ्या, म्हणजे पुढे बसवण्यासाठीच बनवलेला. त्याला साधारण ९-१० इंच अंतर चालतं. २ ते ३ पट मोठं दिसलं तरी पुरे. दोन्ही डोळे उघडे ठेवून झटकन नेम धरता येणं, हे खरं सुख आहे आणि जास्त पॉवर घेतली की तेच जातं. जुन्या विंचेस्टर ९४ या लिव्हर-ॲक्शन रायफलमध्ये रिकामी पुंगळी वरून उडते आणि पुढचा स्कोप तिच्या आड येत नाही, म्हणून तिथे ही मांडणी विशेष शोभते.

बाकी एवढं सांभाळा:

- आधी पीप साईट (मागचं भोकाचं निशाण) आणि माशी (बॅरलच्या टोकावरचं निशाण) झिरो करा, म्हणजे गोळी नेमावर लागेल अशी जुळवा, स्कोप नंतर. स्कोप बिघडला तर तीच कामाला येणार.
- हाताने चटकन सुटणाऱ्या रिंगा (स्कोप धरून ठेवणाऱ्या कड्या) घ्या.
- स्क्रूंवरचं तेल पुसा आणि उत्पादकाने दिलेल्या टॉर्कइतकेच (पिळाच्या जोराइतकेच) आवळा. जोर लावून आटे घालवू नका.
- आवळण्याआधी डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, मग उघडा. चित्र पूर्ण दिसेपर्यंत स्कोप सरकवा.

पहिल्या गोळ्या २५ यार्डांवर, मग १००. रेटिकलचे (स्कोपमधल्या नेमाच्या रेषांचे) बारकावे सध्या राहू द्या. पहिलं टार्गेट झालं की कळवा, बघायला आवडेल.