गावच्या घराला कुठलं सिम, आणि रिचार्ज एवढं का वाढलं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आईवडील लांजा तालुक्यातल्या वाडीत, तुम्ही पुण्यात. घरात तीन कंपन्यांची तीन सिमं, आणि रेंज मिळते ती अंगणातल्या तुळशीजवळ उभं राहिलं तरच. तुम्ही विचारताय की सगळ्या कंपन्यांचे दर एकाच वेळी कसे वाढतात, रिचार्ज महिन्याऐवजी २८ दिवसांचं का, वडिलांचा नंबर बीएसएनएलला पोर्ट करावा का, आणि गणपतीत पंधरा दिवस घरून काम करायचं तर ब्रॉडबँड कुठलं घ्यावं.

मी टेलिफोन खात्यात, म्हणजे पुढच्या बीएसएनएलमध्ये, ट्रान्समिशनला होतो. ३१ जानेवारी २०२० ला हजारो जणांबरोबर स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्यामुळे बीएसएनएलबद्दल थोडी माया असणारच, तेवढी वजा करून वाचा.

आधी दरांचं. जुलै २०२४ ची वाढ आठवा. जिओने २७ जूनला जाहीर केली, एअरटेल आणि व्हीआयने (म्हणजे व्होडाफोन-आयडियाने) दुसऱ्या दिवशी. त्याआधी २०२१ च्या अखेरीस असंच झालं होतं, त्याआधी डिसेंबर २०१९ मध्ये. इथल्या बऱ्याच जणांनी याला साटंलोटं म्हटलंय. मला वाटतं, त्याची गरजच उरलेली नाही. गावात तीनच वाणी असले आणि त्यातला एक उधारीत बुडालेला असला, तर उरलेल्या दोघांना भाव ठरवायला भेटावं लागत नाही. एकाने पाटी बदलली की दुसरा बदलतो. बुडालेल्याला तर भाववाढ सगळ्यात जास्त हवी असते.

बाजार असा का झाला, हे तरुण मंडळींना सांगून खरं वाटत नाही. २००८ च्या सुमाराला एकेका सर्कलमध्ये, म्हणजे साधारण एकेका राज्यात, दहा-बारा परवाने होते. सेकंदाला एक पैसा, अर्धा पैसा अशी चढाओढ होती. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले आणि पुढचं स्पेक्ट्रम, म्हणजे मोबाइलच्या लहरी वापरायचा हक्क, लिलावाने द्यायचं ठरलं. लिलावात कंपन्यांनी कर्ज काढून बोली लावल्या. त्या कर्जाच्या ओझ्याखाली सगळे वाकलेले असताना, ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं, तेही फुकट. बोलणं कायमचं फुकट, डेटा मार्च २०१७ पर्यंत फुकट. ट्राय या दूरसंचार नियामकाच्याच आकड्यांनुसार २०१४ साली एक जीबी सुमारे २६९ रुपयांना पडायचा, तो २०१८ मध्ये बारा रुपयांच्या आत आला. आपण सगळ्यांनी हात धुऊन घेतले, मीही घेतले. पण त्या दोन वर्षांत एअरसेल दिवाळखोरीत गेली, आरकॉमची (अनिल अंबानींच्या रिलायन्सची) मोबाइल सेवा बंद पडली, टेलिनॉर आणि टाटाचे ग्राहक एअरटेलकडे गेले, आणि ३१ ऑगस्ट २०१८ ला व्होडाफोन-आयडिया एक झाल्या. एक झाल्या तेव्हा त्यांच्याकडे सुमारे ४० कोटी ग्राहक होते, आता निम्मेच उरलेत.

वर एजीआरचा, म्हणजे सरकारी हिश्शासाठी धरल्या जाणाऱ्या उत्पन्नाचा, धोंडा. १९९९ च्या धोरणात ठरलं होतं की ठरावीक परवाना शुल्काऐवजी कंपन्यांनी उत्पन्नातला हिस्सा सरकारला द्यायचा. उत्पन्न म्हणजे काय, यावर पुढे दीड दशक भांडण चाललं. कंपन्या म्हणत, फोनसेवेचं उत्पन्न तेवढंच मोजा. दूरसंचार खातं म्हणे, ठेवींवरचं व्याज, भाडं, भंगार विकून आलेले पैसे, सगळं मोजणार. २४ ऑक्टोबर २०१९ ला न्यायालयाने खात्याची बाजू उचलून धरली. मूळ थकबाकीपेक्षा व्याज, दंड आणि दंडावरचं व्याज जास्त, असा हिशोब निघाला. एअरटेलने भांडवल उभारून तो पचवला. व्हीआयला जमलं नाही, म्हणून सरकारने येणं असलेली रक्कम शेअरमध्ये बदलून घेतली. २०२३ मध्ये एकदा, मग एप्रिल २०२५ मध्ये ३६,९५० कोटींची. आज व्हीआयमध्ये सरकारचा वाटा जवळजवळ ४९ टक्के आहे.

म्हणजे बघा, परवाना देणारं सरकार, स्पेक्ट्रम विकणारं सरकार, तिसऱ्या कंपनीचं सावकार आणि अर्धं मालक सरकार, आणि चौथीचं, बीएसएनएलचं, पूर्ण मालकही सरकार. दर वाढले तर लोक ओरडतात, पण दर नाही वाढले तर सरकारचंच येणं बुडतं. त्यामुळे २०१७ सारखी स्वस्ताई परत येईल या आशेवर थांबू नका. नवा भिडू यायला आधी हजारो कोटींचं स्पेक्ट्रम लागतं, मग टॉवर. २०२२ च्या फाइव्ह-जी लिलावात एकूण दीड लाख कोटींची विक्री झाली आणि त्यातली जवळजवळ सगळी खरेदी याच तिन्ही खाजगी कंपन्यांनी केली.

२८ दिवसांचं विचारलंत म्हणून सांगतो. अठ्ठावीसचे तेरा म्हणजे ३६४ दिवस, वर्षात बारा नाही, तेरा रिचार्ज. ट्रायने २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला तीस दिवसांचा किमान एक प्लॅन ठेवायला लावला. तो असतो, पण ॲपमध्ये शोधून काढावा लागतो. तुमच्या आईंकडे बटणाचा फोन आहे म्हणता, मग त्यांना डेटा नसलेला, फक्त बोलणं आणि एसएमएसचा प्लॅन मारा. डिसेंबर २०२४ च्या ट्रायच्या आदेशानंतर असे प्लॅन आले, वर्षाला अठराशेच्या आसपास. डेटासकटच्या जुन्या वर्षभराच्या प्लॅनपेक्षा फार स्वस्त नाहीत, हे कंपन्यांनी बरोबर साधलंय! तरी दर महिन्याची कटकट वाचते.

आता रेंज. ‘तिकडे कुठली कंपनी चांगली?’ या प्रश्नाला उत्तर नसतं. लांजा बाजारपेठेत जी उत्तम चालते तीच चार किलोमीटरवरच्या वाडीत मरते, कारण वाडी खाली वहाळाच्या कडेला आणि टॉवर सड्यावर. कोकणात ७००, ८००, ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी झाडीतून, डोंगराच्या कुशीतून थोड्या तरी वळून येतात. २३०० ची लहर समोर काही आड आलं की संपली. फोनवर चार काड्या दिसतात त्या टॉवरपासून तुमच्यापर्यंतच्या. टॉवरपासून पुढे काय, हे काड्या सांगत नाहीत. टॉवरला फायबर आली असेल तर ठीक. टॉवरवरून टॉवरवर, मायक्रोवेव्हच्या बिनतारी दोन-तीन उड्या मारून सिग्नल जात असेल, तर संध्याकाळी सगळी वाडी व्हिडिओ बघायला बसली की चार काड्या असूनही चाक फिरत राहतं.

आणि तीन सिमं ठेवली म्हणजे तीन वाटा झाल्या, हाही गैरसमज. एअरटेल आणि व्हीआयचे ॲन्टेना बऱ्याच ठिकाणी इंडस या टॉवर भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या एकाच टॉवरवर असतात, खाली बॅटरी एक, जनरेटर एक. वीज सहा तास गेली की दोघंही गेले. महामार्गाच्या कडेने जाणाऱ्या फायबरचंही तेच. मुंबई-गोवा रस्त्याचं रुंदीकरण सुरू झालं त्या वर्षांत आमची अर्धी नोकरी जेसीबीच्या मागे धावण्यात गेली. एका पावसाळ्यात रात्री दीड वाजता आम्ही छत्रीखाली केबल जोडत बसलो होतो, आणि दहा पावलांवर दुसऱ्या एका कंपनीची माणसं तशाच छत्रीखाली त्यांची केबल जोडत होती. एकाच फावड्याने दोन्ही तोडल्या होत्या. चहा मात्र त्यांनी पाजला. निसर्ग वादळानंतर, जून २०२० मध्ये, रायगडात कित्येक गावं दिवसेंदिवस फोनविना होती, ती टॉवर पडल्यामुळे कमी आणि वीज नसल्यामुळे जास्त.

म्हणून असं करा. दर्जाचे नवे नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले, त्यानुसार कंपन्यांना कव्हरेजचा नकाशा आपल्या साइटवर टाकावा लागतो. त्यावर वाडी शोधा, पण त्यावर फार विश्वास ठेवू नका. शेजारच्या तीन घरांत फोन करून विचारा की रात्री नऊला व्हिडिओ कॉल कुणाच्या सिमवर लागतो, आणि वीज गेल्यावर कुणाचा फोन सगळ्यात उशिरा मरतो. यातून जी माहिती मिळेल ती कुठल्याही ग्राफपेक्षा खरी.

बीएसएनएल. दरवाढीनंतर २०२४ मध्ये काही महिने त्यांचे ग्राहक भराभर वाढले, मग परत गळती लागली. कारण उघड होतं, स्वस्त सिम होतं पण फोर-जी नव्हतं. आता चित्र बदललंय. सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था, तेजस आणि टीसीएस यांनी मिळून देशी बनावटीची यंत्रणा उभी केली आणि २७ सप्टेंबर २०२५ ला सुमारे ९७,५०० टॉवरांचं उद्घाटन झालं. इतरांच्या दहा वर्षं मागे, हे खरं. पण जिथे खाजगी कंपन्यांना परवडत नाही अशा गावांत फोर-जी टॉवर उभारण्याची सरकारी योजना त्यांच्याकडेच आहे, त्यामुळे वाडीला कधी कधी तोच एकमेव धड टॉवर असतो.

यात एक गोम आहे. बीएसएनएलचं फोर-जी मुख्यतः ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर चालतं. जुन्या, स्वस्त फोनमध्ये ७०० चा बँड, म्हणजे बँड २८, नसतो. मग टॉवरवर ७०० च असेल, तर सिम नवं, टॉवर समोर, आणि फोन टू-जीवर बसलेला. लोक शिव्या कंपनीला घालतात. जिओचं उलट आहे. त्यांच्याकडे टू-जी नाहीच, त्यामुळे आईंच्या साध्या बटणाच्या फोनमध्ये ते सिम चालणारच नाही.

वडिलांचा नंबर लगेच पोर्ट करू नका. बँक, गॅस, पेन्शन सगळ्याचे ओटीपी त्यावर. पोर्ट केला की नव्वद दिवस तिथून हलता येत नाही. आधी दुसऱ्या स्लॉटमध्ये नवं सिम घालून महिनाभर बघा, त्यात एक जोराचा पाऊस येऊ द्या. पटलं तर मग १९०० वर पोर्टचा एसएमएस. शुल्क सात रुपयांच्या आत असतं. दुकानदार जास्त मागत असेल तर देऊ नका. सिम नुकतंच बदलून घेतलं असेल, तर सात दिवस पोर्टचा कोड मिळत नाही, ही चोरीविरुद्धची सोय आहे, बिघाड नाही.

ब्रॉडबँडला मी कंपनी बघतच नाही, लाइनमन बघतो. कंपनी कुठलीही असो, गावात शेवटची तार बहुतेक वेळा स्थानिक केबलवाल्याची असते. तो गावात राहतो का, फोन उचलतो का, तार विजेच्या खांबावरून नेली की नारळावरून, हे विचारा. ग्रामपंचायतीत भारतनेटची, म्हणजे गावोगाव फायबर नेणाऱ्या सरकारी योजनेची, पेटी लागलीय एवढ्यावर खूश होऊ नका, पेटीपासून घरापर्यंत कुणी यावं लागतं. कुणीच येत नसेल, तर फाइव्ह-जीवरचं बिनतारी जोडणीचं यंत्र छपरावर बसतं, पण त्याला टॉवर समोर दिसायला हवा, आणि माड वाढतात हे लक्षात ठेवा. काहीही घेतलंत तरी राउटरला छोटा यूपीएस हवाच. आमच्या घरी दोन वर्षं नेट ‘खराब’ होतं, तक्रारी करून दमलो, शेवटी कळलं की वीज क्षणभर लुकलुकली की राउटर बंद होऊन चालू होत होता. दीड हजारात काम झालं, आणि तक्रार घेणारा बिचारा दोन वर्षं माझी बोलणी खात होता.

वडिलांच्या फोनचं मॉडेल सांगा. वाडीचं नाव नको, पण जवळचा टॉवर कुठल्या दिशेला आणि साधारण किती लांब, एवढं कळवा. बँड २८ आहे की नाही ते बघून सांगतो.