ठेकेदार अंगठा मागतोय: द्यायचा कुठं, अडवायचा कुठं?

प्रश्न: मी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत ठेकेदाराकडं पॅकिंगच्या कामाला आहे. त्यानं सगळ्यांच्या आधारच्या झेरॉक्स घेतल्या, हजेरीच्या मशीनवर अंगठे घेतले आणि आता इंग्रजीत छापलेल्या एका कागदावर सही मागतोय. सही नाही केली तर या महिन्याचा पगार अडकेल म्हणतो. झेरॉक्स गेटच्या केबिनमध्ये टेबलावर उघड्या पडलेल्या असतात. बँकेतले पैसे जातील अशी भीती वाटते. हे सगळं सक्तीचं आहे का? (एक वाचक, उचगाव)

ताई, तुमच्या प्रश्नात नंबर, झेरॉक्स आणि अंगठा या तीन गोष्टींचा गुंता झालाय. कायदा तिन्हींना वेगवेगळा लागतो.

नंबर द्यावा लागेल. यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा कायमचा नंबर, आधारला जोडलेला नसेल तर तुमच्या पीएफचा भरणाच अडतो. सामाजिक सुरक्षा संहितेचं कलम १४२ त्यासाठी मे २०२१ पासून लागू आहे. इथं भांडून नुकसान तुमचंच.

अंगठ्याचं तसं नाही. नुसतं हजेरीचं मशीन असेल तर ते बोटाचा नमुना स्वतःच्या मेमरीत ठेवतं, आधारच्या यंत्रणेशी त्याचा काही संबंध नसतो. दर वेळी बारा आकडी नंबर टाकून बोट ठेवायला लावत असतील तर मात्र ते आधार प्रमाणीकरण, म्हणजे तुमचं बोट थेट आधारच्या नोंदीशी ताडून बघणं, असू शकतं. ते खासगी ठेकेदाराला मनात आलं म्हणून करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २६ सप्टेंबर २०१८ ला आधार कायद्याच्या कलम ५७ मधली खासगी कंपन्यांची मोकळीक काढून टाकली. जानेवारी २०२५ च्या नियमांनी त्यांना अर्ज करायची वाट ठेवली आहे, पण सरकारी मंजुरी आणि तुमची संमती, दोन्ही हवंच.

मशीनकडं बघून खात्री होणार नाही. 'माय आधार'च्या संकेतस्थळावर मोबाईलच्या ओटीपीनं आत जा आणि प्रमाणीकरणाचा इतिहास काढा. मागच्या सहा महिन्यांतल्या जास्तीत जास्त पन्नास नोंदी दिसतात: तारीख, वेळ, बोट की ओटीपी, आणि कोणत्या संस्थेनं तपासलं. हजेरीच्या वेळेला जुळणारी अनोळखी नोंद सापडली तर ती उतरवून ठेवा, तोच तुमचा पुरावा. तिथंच बायोमेट्रिक लॉक करा. लॉक असताना रेशन दुकानात अंगठा चालणार नाही, तेव्हा जायच्या आधी ते तात्पुरतं उघडायचं. नाहीतर रांगेत दोष मशीनला दिला जातो. आणि हेही ध्यानात ठेवा, या लॉकनं ठेकेदाराच्या मशीनमधला नमुना पुसला जात नाही.

आता तो कागद. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांत बोटाचा ठसा ही संवेदनशील माहिती आहे. ती घ्यायला लेखी संमती लागते आणि दिलेली संमती लेखी मागेही घेता येते. नव्या डेटा संरक्षण कायद्याची मुख्य कलमं मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत, तोवर हातात हेच. पण खरं सांगतो, हजेरीचा अंगठाच नाकारला तर ठेक्यावरच्या बाईला पुढच्या महिन्यात काम मिळेलच असं नाही, आणि कायदा ते काम पटकन परत मिळवून देत नाही. म्हणून अंगठ्यावर अडू नका, कागदावर अडा. मजकूर मराठीत समजावून मागा. सहीच्या वर स्वतःच्या हातानं लिहा: 'फक्त हजेरीसाठी. आधारशी जोडण्यास किंवा इतर कोणास देण्यास संमती नाही. काम सुटल्यावर नमुना पुसावा.' तारीख टाका, मोबाईलवर फोटो काढा, मगच कागद परत द्या.

पगार अडवणं तर कायद्यात कुठंच बसत नाही. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत व्हायला हवा, आणि ठेकेदारानं बुडवला तर वेतन संहितेनुसार ज्या कंपनीत तुम्ही राबता तिच्यावर जबाबदारी येते. आठ तारखेला सहायक कामगार आयुक्तांकडं लेखी तक्रार द्या. सोबत हजेरी आणि मागच्या पगाराचा पुरावा जोडा.

झेरॉक्स उघड्यावर ठेवणं हा हलगर्जीपणा आहे, पण आधार कायद्याच्या कलम ३७ मध्ये ते सहजासहजी बसत नाही. ते कलम नोंदणी किंवा प्रमाणीकरणात गोळा झालेल्या माहितीबद्दल आहे. त्यामुळं पोलीस ठाण्याकडं धाव घेण्याआधी ठेकेदाराला स्पीड पोस्टानं पत्र पाठवा, प्रत मूळ कंपनीला: झेरॉक्स परत करा, बदल्यात शेवटचे चारच आकडे दिसणारं आधार घ्या. त्या प्रतीवर आडवं 'फक्त पीएफसाठी' आणि तारीख लिहा. इतिहासात बेकायदा प्रमाणीकरण सापडलं तर गोष्ट वेगळी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तुम्ही स्वतः कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं फिर्याद देऊ शकता. त्याआधी हा अधिकार फक्त आधार प्राधिकरणाला होता. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आता कोल्हापुरातच आहे म्हणून तिथं थेट रिट अर्ज टाकायचा सल्ला कुणी देईल. खासगी ठेकेदाराविरुद्ध रिट सहसा टिकत नाही, पैसे वाचवा.

खात्यातून पैसे गेलेच, तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन आणि बँकेत लेखी तक्रार. चूक तुमची नसेल आणि बँकेचा मेसेज आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलंत, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणं नुकसान तुमच्यावर येत नाही. तक्रारीच्या प्रतीवर बँकेचा शिक्का आणि वेळ घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका.