2024 मधले तुमचे आवडते दहा अल्बम कोणते? प्रत्येकातलं एकच बेस्ट गाणं सांगा.

दहा नाही सांगणार, चार-पाच सांगतो. आणि प्रत्येकातलं एकच बेस्ट गाणं तर अजिबात सांगणार नाही. त्याचं कारण लांबलचक आहे, वेळ असेल तर वाचा, नसेल तर अल्बमची नावं मध्ये मध्ये येतीलच, तेवढी उचला.

"एकच गाणं" हे मी फार ऐकलंय. कॉलेजात असताना दुपारनंतर दादरला एका कॅसेटच्या दुकानात बसायचो. पुढे विकायच्या कॅसेटी आणि मागे पार्टिशनच्या आत भरून द्यायचं काम. गिऱ्हाईक वहीच्या पानावर गाणी लिहून आणायचं आणि आम्ही डबल डेकवर ती कोऱ्या कॅसेटवर उतरवून द्यायचो, कॉपीराइटचं तेव्हा कोणी नावही काढत नसे. साठची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. सुरुवातीच्या पट्टीवर काही रेकॉर्ड होत नाही म्हणून चक्रीत बोट घालून ती आधी पुढे काढून घ्यायची, मग मिनिटांची बेरीज करत गाणी लावायची, आणि बाजू संपताना शेवटचं गाणं तुटलं तर दुसऱ्या दिवशी कॅसेट काउंटरवर आपटायला माणूस हजर. पण नुसती बेरीज जमून भागायचं नाही. एक रडकं गाणं आणि त्याला लागून लगेच कोळीगीत आलं की दोन्हीची माती व्हायची. गाणी कुठल्या क्रमाने लावायची हे एक वेगळंच काम आहे हे मला तिथे कळलं, आणि ज्याने अल्बम केला त्याने ते आधीच करून ठेवलेलं असतं हेही तिथेच कळलं.

त्याच काळात 'गारवा' आला होता. मिलिंद इंगळेंचं संगीत, सौमित्रच्या कविता, आणि गाण्याआधी सौमित्र स्वतः कविता म्हणतो. तर लोक यायचे आणि सांगायचे, ते बोलणं काढा, फक्त गाणं भरा. मला ते बटण दाबताना अक्षरशः त्रास व्हायचा. ते बोलणं ऐकून माणूस उन्हात जाऊन उभा राहतो म्हणून पुढचं गाणं अंगावर येतं, ते काढल्यावर उरलं काय? चाल चांगली आहे, एवढंच.

आता माझा आतेभाऊ. माझ्यापेक्षा मोठा, आम्ही दादा म्हणतो, राहायला बोरिवलीला. त्याने दुकानात येऊन मला सांगितलं होतं, 'कॉल ऑफ द व्हॅली'मधलं फक्त पहाडी भर, बाकी जागेत दुसरं काहीतरी टाक. मी म्हटलं, दादा, अख्खा अल्बम चाळीस मिनिटांच्या आतबाहेर आहे, साठमध्ये आरामात बसतो, पूर्ण घे ना. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा या तिघांनी 1967 ला केलेला तो अल्बम म्हणजे काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस आहे. सकाळचा अहिर भैरव, नट भैरव, दिवस चढल्यावर पिलू, संध्याकाळी भूप, मग देस आणि शेवटी पहाडी. पहाडी गोड लागतं कारण आपण पहाटेपासून त्याच्याबरोबर चालत आलेलो असतो. दादा म्हणाला, "ते सगळं ठीक आहे रे, मला पहाडीच आवडतं." भरून दिलं. तो आजही चारचौघांत सांगतो की कॉल ऑफ द व्हॅली मी पाठ केलाय, आणि मी आजही त्याला सांगतो की तू तो ऐकलेलाच नाहीस.

हा वाद जुना, पण 2024 च्या डिसेंबरात तो पुन्हा पेटला. 15 डिसेंबरला झाकीरभाई, म्हणजे तबलावाले उस्ताद झाकीर हुसेन, गेले. आमच्या मुंबईचा माणूस, माहीमला जन्मलेला, तिथल्याच सेंट मायकल शाळेतला. पुढचे आठ-दहा दिवस फोनवर नुसते तुकडे. चहाची जाहिरात, केस उडतायत, तिहाई आली, टाळ्या, संपलं. दर वर्षी 3 फेब्रुवारीला अब्बाजींच्या म्हणजे उस्ताद अल्लारखांच्या स्मरणार्थ षण्मुखानंदला जो कार्यक्रम व्हायचा तो सकाळी उजाडता उजाडता सुरू व्हायचा आणि झाकीरभाई दिवसभर तिथे असायचे, स्वतः वाजवायचे, दुसऱ्यांचं ऐकायचे, नवख्या पोरांना स्टेजवर आणायचे. दादाला मी चल म्हटलं की तो विचारणार, "झाकीर किती वाजता बसणार ते सांग, तेवढ्यापुरता येतो."

तर डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी त्याच्याकडे सगळे जेवायला जमलो होतो. कोंबडी-वडे झाले, वहिनी सोलकढी फिरवत होती, आणि दादाने टीव्हीवर यूट्यूब लावलं. तबल्याचं अर्ध्या मिनिटाचं क्लिप. "बघ, काय माणूस होता!" डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, ते खोटं नव्हतं. मी म्हटलं, दादा, आता जरा पूर्ण ऐकूया, आणि झाकीरभाईंच्या शक्ती या बँडचा 'धिस मोमेंट' लावला. याच अल्बमला 2024 च्या फेब्रुवारीत ग्रॅमी मिळालं, त्याच रात्री झाकीरभाईंना एकूण तीन मिळाली. 1977 नंतर शक्तीने थेट 2023 ला स्टुडिओ अल्बम केला, शेहेचाळीस वर्षांनी. गिटारवर जॉन मॅक्लॉफ्लिन, तबल्यावर झाकीरभाई, व्हायोलिनवर गणेश राजगोपालन, तालवाद्यांवर सेल्वागणेश, आणि गायला आपला चेंबूरचा शंकर महादेवन, श्रीनिवास खळेंकडे शिकलेला. दोन मिनिटं झाली असतील नसतील, दादाने रिमोट घेतला आणि म्हणाला, "तबला कुठे येतो तिथे लाव."

मी चिडलो. तबला चालूच होता, दादा! शंकर गात असताना झाकीरभाई मागे किती कमी वाजवतात, कुठे नुसत्या बायाने, म्हणजे डाव्या हाताच्या तबल्याने, श्वास घेतल्यासारखं करतात आणि एका जागी कसे पूर्ण थांबतात, ते ऐकायला तर अल्बम लावायचा. मोठ्ठं वाजवणं जगाला माहीत आहे. गप्प बसणं तीस सेकंदांच्या क्लिपमध्ये मावत नाही. दादाचं म्हणणं, "आम्हाला वेळ नाही रे तुझ्यासारखा, रोज बोरिवली-चर्चगेट करतो मी." अरे, बोरिवली-चर्चगेट म्हणजेच तर एक अल्बम! गाडी पकडलीस की लाव, चर्चगेटला उतरेपर्यंत संपतो. मुंबईकराइतका सलग वेळ कोणाकडे आहे? हात वर दांडीला अडकलेले, फोन काढता येत नाही, म्हणजे पुढे ढकलायची सोयच नाही. मी गेली कित्येक वर्षं मुलुंड-सीएसएमटी असंच ऐकतो आणि माझी वर्षाची यादी सगळी सेंट्रल लाइनवर तयार होते.

एक मुद्दा त्याचा बरोबर होता तो लिहितो. तो म्हणाला, "माणूस एका गाण्यामुळेच अल्बमकडे जातो, तू सैराट घेतलास तो याड लागलं ऐकूनच." खरंय. पण गेल्यावर मी आत गेलो, दारातून परत नाही फिरलो. सैराटमध्ये चारच गाणी आहेत, आणि लग्नात फक्त झिंगाट वाजतं म्हणून लोकांना तेच म्हणजे सैराट वाटतं. अजय-अतुलनी त्याचा ऑर्केस्ट्रा लॉस एंजेलिसला जाऊन रेकॉर्ड केला, तो नीट ऐकायचा असेल तर बाकीच्या तिघांकडेही जायला लागतं.

असो. 2024 वर येतो.

सगळ्यात वर 'अमर सिंह चमकीला' या सिनेमाचा अल्बम. रहमान आणि इर्शाद कामिल, एप्रिलमध्ये आला. गेल्या कित्येक वर्षांत रहमानचं हिंदीत इतकं एकसंध काम मी ऐकलेलं नाही. चमकीला हा पंजाबी गायक आणि त्याची बायको अमरजोत यांना 8 मार्च 1988 ला मेहसमपूरला गोळ्या घातल्या, गाडीतून उतरून अखाड्याकडे, म्हणजे गाण्याच्या खुल्या कार्यक्रमाकडे, जात असताना. ही गोष्ट 'बाजा' हसत-नाचत सिनेमाच्या सुरुवातीलाच सांगून टाकतं, 'नरम कालजा'मध्ये बायका मोकळ्या होऊन गातात, आणि मग 'विदा करो' येतं. विदा करो एकटं ऐकलं तर ते एक दुःखी गाणं आहे, अरिजित-जोनिताने छान गायलंय. बाजा आणि नरम कालजाच्या नंतर ऐकलं तर तुम्ही त्या माणसाला ओळखत असता. यातलं बेस्ट कुठलं म्हणून मला विचारताय, मी कसं सांगणार?

दुसरा अरूज आफताबचा 'नाइट रेन'. लाहोरची पोरगी, आता न्यूयॉर्कला असते. 'ना गुल' आणि 'साकी' या दोन्हींचे शब्द माह लका बाईचे आहेत, अठराव्या शतकातली हैदराबादची तवायफ आणि शायर. दख्खनच्या बाईचे शब्द, लाहोरचा गळा, आणि साकीत पियानोवर विजय अय्यर. अख्खा अल्बम रात्रीचा आहे आणि पाऊण तासाच्या आसपास संपतो. ऑफिसातून उशिरा सुटलात तर परतीच्या गाडीत लावा, सकाळी लावू नका, फुकट जाईल.

तिसरा गणव्या या गायिकेचा 'डॉटर ऑफ अ टेम्पल'. ह्यूस्टनला खूप कलाकार एकत्र जमवून केलाय, अमेरिकन जॅझ संगीतकार अॅलिस कोल्ट्रेनच्या आठवणीसाठी. ऐकताना भजनी मंडळात मागे बसल्यासारखं वाटतं, कोण गातंय ते कळत नाही आणि कळायची गरजही नसते. यातून एक गाणं काढायचा प्रयत्न करून बघा, हाताला लागणार नाही. पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीचा 'बीटा' चौथा, दिल्लीचा बँड आहे, बाकीच्यांइतका खोल नाही पण प्रवासात सगळ्यात जास्त वेळा तोच लागला. अनुष्का शंकरचा 'हाउ डार्क इट इज बिफोर डॉन' छोटा आहे आणि तीन भागांतला दुसरा आहे, त्यामुळे आधीचा ऐकल्याशिवाय त्याबद्दल बोलू नये असं मला वाटतं.

मराठी विचारलं नाहीत पण कोणीतरी खाली विचारणारच. अल्बम म्हणून धरावा असं 2024 मध्ये मला काही सापडलं नाही. गाणी होती, 'फुलवंती'तलं 'मदनमंजिरी' मस्तच आहे, अविनाश-विश्वजीतनी ठसका बरोबर पकडलाय. पण सिनेमाच्या बाहेरचा, आठ-दहा गाण्यांचा, एका माणसाने एका धाग्यात बांधलेला मराठी अल्बम आता कोणी काढतच नाही. ज्या भाषेत खळेकाकांनी लताबाईंकडून 'अभंग तुकयाचे'सारखा अल्बम गाऊन घेतला त्या भाषेत आज यूट्यूबवर एक सिंगल सोडायचा, चाललं तर पुढचं. गाणारे उत्तम आहेत, लिहिणारे आहेत, पैसा घालणाऱ्याला मात्र वाटतं की पूर्ण कोण ऐकणार. आणि त्याला असं वाटतं कारण तुम्ही आम्ही "एकच बेस्ट सांगा" म्हणतो.

तेव्हा सगळ्यात आधी शफल बंद करा. अॅडेलचा अल्बम 2021 ला आला तेव्हा तिच्या सांगण्यावरून स्पॉटिफायने अल्बमच्या पानावर आपोआप होणारं शफल काढलं. एवढ्या मोठ्या बाईला ते मागून घ्यावं लागलं. आणि पहिल्या ऐकण्यात पुढे ढकलायचं नाही, नाही आवडलं तरी नाही. दुसऱ्यांदा काय वाटेल ते करा.

आता राहिलेलं. 'धिस मोमेंट' 2023 चा आहे हे मला माहीत आहे, म्हणून तो 2024 च्या यादीत धरला नाही, कमेंटमध्ये येऊन सांगू नका. तसाच 'अॅज वी स्पीक', बेला फ्लेक, एडगर मायर, राकेश चौरसिया आणि झाकीरभाईंचा, तोही 2023 चाच, पण एकदा सलग ऐकाच, त्यातल्या सात मात्रांच्या 'पश्तो'साठी थांबू नका, ते आपोआप येईल. हिपहॉप माझ्या यादीत नाही कारण मी ते पुरेसं ऐकत नाही, वाईट आहे म्हणून नाही. ज्यांना खरंच दिवसाला दहा मिनिटंच मिळतात, घरात लहान मूल आहे, आजारी माणूस आहे, त्यांनी एकेक गाणं ऐकलं तर मी काही बोलणार नाही.

आणि ही यादी डिसेंबरात मागत जाऊ नका. गणव्याचा अल्बम नोव्हेंबरात आला, डिसेंबरात मी तो जेमतेम एकदा ऐकला होता, माझ्या यादीत तो घुसला मार्चमध्ये. यंदाचं काय ते पुढच्या वर्षी होळीनंतर विचारा.