दोन केट्या, पण अडचण एकच

नमस्कार ताई,

घणसोलीहून तुम्ही लिहिलंय की मुलाने 2021 साली इंजिनिअरिंगला, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनला प्रवेश घेतला. बरोबरची मुलं 2025 मध्ये पास होऊन बाहेर पडली. याचं तिसरं वर्ष झालं, पण दुसऱ्या वर्षाचे एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) आणि सिग्नल्स हे दोन विषय राहिले, म्हणजे दोन केट्या, म्हणून शेवटच्या वर्षाला प्रवेश नाही, ड्रॉप लागला, वर्ष घरी गेलं. आता तो ऐरोलीत रात्रपाळी करतो आणि बाबा म्हणतात, कॉलेज सोड. मुलगा आळशी आहे का, हा तुमचा प्रश्न.

मला तसं वाटत नाही. त्याची बॅच आठवा. बारावीचं बहुतेक वर्ष मोबाइलवर गेलं आणि 2021 ची बोर्डाची परीक्षाच रद्द झाली. गणितातलं इंटिग्रेशन बारावीत असतं. ते या मुलांनी स्क्रीनवर पाहिलं, वहीत घोटून घेतलं नाही. एम-थ्रीमधल्या लाप्लास आणि फुरिए या गणिती पद्धती त्याच इंटिग्रेशनवर उभ्या आहेत आणि सिग्नल्स हा विषय लाप्लास-फुरिएवर. म्हणजे केट्या दोन दिसतात, पण गाडी एकाच जागी अडली आहे. त्यात केटीचे पेपर चालू सेमिस्टरच्या पेपरांच्या आसपासच येतात. मुलं आधी नवे विषय धरतात, केटीच्या वाट्याला उरलेली एखादी रात्र येते. अशाने हुशार मुलंही वर्ष गमावतात.

तेव्हा नवा क्लास लावण्याआधी त्याच्या सगळ्या प्रयत्नांच्या मार्कशीट एकत्र काढून बसा. लेखीत 80 पैकी 32 लागतात, इंटर्नलमध्ये 20 पैकी 8. तो नेमका कशात अडकलाय? लेखीत 26-28 मिळत असतील तर पास होणं जवळ आहे. पंधरा-वीस दिवस फक्त बारावीचं इंटिग्रेशन, मग एम-थ्री, त्यानंतरच सिग्नल्स, हा क्रम मोडू देऊ नका. दहा-बारा मार्क असतील तर जास्त वेळ द्या, क्रम तोच.

आणि मार्कशीटवर गैरहजर असं दिसलं तर? ताई, त्या क्षणी ओरडू नका. घरून पेपरला म्हणून निघतात आणि हॉलमध्ये शिरतच नाहीत, अशी मुलं माझ्यासमोर बसून रडली आहेत. पुन्हा नापास होण्याची धास्ती इतकी बसते की पाय उचलत नाही. तसं असेल तर अभ्यासाच्या वेळापत्रकाआधी त्याला समुपदेशकाकडे न्या, आणि नातेवाइकांच्या "झाला का रे पास?"ला उत्तर तुम्ही द्या, त्याला देऊ देऊ नका.

बाबांना एवढंच सांगा, आज सोडलं तर कागदावर तो बारावी पास. तीन वर्षांचा अभ्यास आणि फी कुठेच दिसणार नाही. घराला त्याच्या पगाराची खरंच गरज असेल तर नोकरी ठेवा, पण दिवसपाळी मागून घ्या. परीक्षेआधीचे दोन महिने मात्र रात्रपाळी नकोच. रात्रभर जागून आलेल्या मुलाला गणित सुचत नाही.

एक काम याच आठवड्यात करा. अभ्यासक्रम आता बदलला आहे. त्याच्या जुन्या अभ्यासक्रमाच्या केटी परीक्षा किती काळ घेतल्या जाणार आणि पुढचा फॉर्म कधी भरायचा, हे त्याच्याबरोबर कॉलेजच्या परीक्षा विभागात जाऊन लेखी विचारून घ्या.