थर नेमका जागेवर कसा बसवावा?

वाचकांचे प्रश्न

स्लाइड शोमध्ये एकावर एक चित्रे, म्हणजेच थर, रचताना ते जागेवर बसत नाहीत, अशी तक्रार करणारी बरीच पत्रे आली आहेत. त्यांतली चार पत्रे या वेळी घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण बाकीच्या अडचणींचे मूळही बहुतांशी तिथेच आहे.

प्रश्न : मी पॉवरपॉइंटमध्ये घरातल्या जुन्या छायाचित्रांचा स्लाइड शो तयार करत आहे. पार्श्वभूमीला भिंतीचे चित्र असून भिंतीवर एक रिकामी चौकट टांगलेली आहे. प्रत्येक स्लाइडवर त्या चौकटीत नवे छायाचित्र यावे, अशी कल्पना आहे. माउसने ओढून बसवलेले छायाचित्र माझ्या संगणकावर अगदी बरोबर दिसते. परंतु मोठ्या पडद्यावर लावले की एका कडेला बारीक फट दिसते आणि पुढच्या स्लाइडवर तीच फट दुसऱ्या कडेला गेलेली असते. माझे काय चुकते?

उत्तर : आपला अंदाज चुकत नाही, काम अंदाजावर सोडणे चुकते. संपादनाच्या खिडकीत स्लाइड लहान करून दाखवलेली असते. ती पूर्ण पडद्याच्या निम्म्या रुंदीची दिसत असेल, तर तिथला १ पिक्सेल म्हणजे प्रत्यक्षातले २ पिक्सेल. जी फट तिथे दिसूच शकत नाही, ती डोळ्यांनी बुजवणार कशी? शिवाय माउसने ओढताना चित्र जवळच्या ग्रीडला (स्लाइडवरच्या आडव्या-उभ्या रेषांच्या जाळीला) किंवा दुसऱ्या चित्राच्या कडेला आपणहून चिकटते, त्यामुळे प्रत्येक स्लाइडवर चूक वेगळ्या दिशेने होते.

यावर उपाय म्हणजे जागा आकड्यांनी सांगणे. चित्रावर उजवे बटण दाबून 'फॉरमॅट पिक्चर' उघडावे आणि 'साइझ अँड प्रॉपर्टीज' या भागात जावे. तिथे 'पोझिशन' खाली आडवे आणि उभे अंतर लिहिण्याच्या चौकटी आहेत. त्यांच्या शेजारी 'फ्रॉम' असा एक पर्याय असतो, त्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. अंतर स्लाइडच्या डाव्या वरच्या कोपऱ्यापासून मोजायचे की मध्यापासून, हे तिथे ठरते, आणि ते ठाऊक नसेल तर समोरच्या आकड्याला काहीच अर्थ नसतो.

आता प्रत्यक्ष आकडे घेऊ. पॉवरपॉइंटची नेहमीची रुंद स्लाइड ३३.८६७ सेंटिमीटर रुंद आणि १९.०५ सेंटिमीटर उंच असते. आपले भिंतीचे चित्र १९२० × १०८० पिक्सेलचे असून ते संपूर्ण स्लाइड व्यापत असेल, तर १ पिक्सेल म्हणजे ०.०१७६४ सेंटिमीटर. भिंतीचे चित्र गिंप या चित्र-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये किंवा साध्या पेंटमध्ये उघडून चौकटीच्या आतल्या कोपऱ्यावर माउस नेला, की खालच्या पट्टीत त्या बिंदूचे पिक्सेल वाचता येतात. समजा, चौकटीची मोकळी जागा डावीकडून ७४२ आणि वरून २६८ पिक्सेलवर सुरू होते आणि ती ४३६ पिक्सेल रुंद व ५४५ पिक्सेल उंच आहे. गुणाकार केला की आडवे अंतर १३.०९, उभे अंतर ४.७३, रुंदी ७.६९ आणि उंची ९.६१ सेंटिमीटर येते. ४३६ आणि ५४५ यांचे प्रमाण ४:५ आहे. म्हणून प्रत्येक छायाचित्र आधी 'क्रॉप'मधील 'अ‍ॅस्पेक्ट रेशिओ' वापरून ४:५ या प्रमाणात कापून घ्यावे आणि मगच रुंदी लिहावी. हे आधी केले नाही, तर रुंदी जुळते तेव्हा उंची बिघडते आणि उंची जुळवली की रुंदी.

तथापि, मी आपल्या जागी असतो तर एवढ्यावर थांबलो नसतो. चित्राची कड चौकटीच्या कडेला तंतोतंत भिडवणे हा मुळातच नाजूक मामला आहे. प्रोजेक्टरचे पिक्सेल वेगळे असले की जुळलेली कडही अस्पष्ट होऊ शकते. त्यापेक्षा भिंतीच्या चित्रातली चौकटीची मोकळी जागा कापून पारदर्शक करावी, ते चित्र पारदर्शकता जपणाऱ्या पीएनजी प्रकारात साठवून सर्वांत वरच्या थरावर ठेवावे आणि छायाचित्र त्याच्या मागे, मोकळ्या जागेपेक्षा किंचित मोठे करून ठेवावे. वरच्याच उदाहरणात छायाचित्र ४४४ × ५५५ पिक्सेलचे केले, तर प्रमाण ४:५ च राहते आणि बाजूंना ४, तर वर-खाली ५ पिक्सेल चौकटीच्या मागे दडतात. अशा छायाचित्राची रुंदी ७.८३, उंची ९.७९, आडवे अंतर १३.०२ आणि उभे अंतर ४.६४ सेंटिमीटर होईल. यात पिक्सेल-दोन पिक्सेलची चूक झाली तरी ती चौकटीआड जाते. पहिली स्लाइड अशी तयार झाली, की पुढच्या स्लाइड नव्याने न रचता तिचीच नक्कल काढावी आणि 'चेंज पिक्चर' या आज्ञेने फक्त छायाचित्र बदलावे. नवे छायाचित्रही आधीच ४:५ मध्ये कापलेले असावे आणि बदलल्यावर चारही आकडे एकदा तपासावेत.

हेच आकडे दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये चालणार नाहीत, हेही जाता जाता सांगतो. लिब्रेऑफिस इम्प्रेसची १६:९ स्लाइड २८ × १५.७५ सेंटिमीटरची, तर गूगल स्लाइड्सची नेहमीची स्लाइड २५.४ सेंटिमीटर रुंद असते. तिन्हींचा आकार दिसायला सारखा असला, तरी १९२० पिक्सेल वेगवेगळ्या रुंदींत विभागले जातात. त्यामुळे वहीत सेंटिमीटर न लिहिता पिक्सेल लिहून ठेवावेत आणि सेंटिमीटर त्या त्या वेळी काढावेत.

प्रश्न : एका पाठात 'हा थर आडवा उणे ३३.३३ वर ठेवा' असे सांगितले होते. माझ्या प्रोग्रॅममध्ये तोच आकडा लिहिला, तर थर भलतीकडेच जातो. टक्केवारी सगळीकडे सारखीच असायला नको का?

उत्तर : असायला हवी खरी, पण नसते. सरकत्या चित्रांचे स्लाइड शो बनवणारे बरेच प्रोग्रॅम शून्य स्लाइडच्या मध्यावर धरतात आणि थराचा मध्य तिथून किती सरकला हे सांगतात. त्यांतले काही संपूर्ण रुंदीला १०० मानतात, म्हणजे डावी कड उणे ५० वर येते. काही अर्ध्या रुंदीलाच १०० मानतात, म्हणजे डावी कड उणे १०० वर येते. पूर्वी पिक्चर्सटूएक्झी या नावाने ओळखला जाणारा पीटीई एव्ही स्टुडिओ दुसऱ्या पद्धतीचा आहे.

१९२० पिक्सेलच्या स्लाइडच्या डाव्या तिसऱ्या भागात ६४० पिक्सेलचा थर बसवायचा असेल, तर त्याचा मध्य डावीकडून ३२० पिक्सेलवर, म्हणजे स्लाइडच्या मध्यापासून ६४० पिक्सेल डावीकडे येतो. पहिल्या पद्धतीत ६४० ला १९२० ने भागल्यावर उणे ३३.३३ येतात, तर दुसऱ्या पद्धतीत ९६० ने भागल्यावर उणे ६६.६७. आपला पाठ पहिल्या पद्धतीचा आणि प्रोग्रॅम बहुधा दुसऱ्या पद्धतीचा असावा. खात्री करायची तर कोणताही एक थर ५० वर ठेवून पाहावा: त्याचा मध्य स्लाइडच्या उजव्या कडेवर आला तर पहिली पद्धत, कड आणि मध्य यांच्या बरोबर अर्ध्यावर आला तर दुसरी. उभ्या दिशेत धन आकडा थराला वर नेतो की खाली, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे. मात्र हा प्रयोग सुट्या थरावर करावा, कारण एखादा थर दुसऱ्या थराला जोडलेला असेल तर त्याची मोजणी स्लाइडपासून न होता त्या पालक थरापासून होते.

प्रश्न : शीर्षकाची पट्टी आणि बोधचिन्ह हे दोन्ही थर डावीकडून २ सेंटिमीटरवर ठेवले आहेत. आकडे सारखे असूनही बोधचिन्ह आत सरकलेले दिसते. शिवाय एक छायाचित्र ९० अंशांत फिरवून आडवे अंतर शून्य लिहिले, तरी ते कडेला चिकटत नाही. हा दोष प्रोग्रॅमचा आहे का?

उत्तर : प्रोग्रॅम सांगितल्याप्रमाणेच वागतो आहे; पण तो आपल्याला दिसणारे चित्र न मोजता चित्राचा चौकोन मोजतो. पारदर्शक पीएनजीमध्ये बोधचिन्हाभोवती न दिसणारी मोकळी किनार असते आणि ती त्या चौकोनातच धरली जाते. फोटोशॉपमध्ये 'ट्रिम' किंवा गिंपमध्ये 'क्रॉप टू कंटेंट' करून ती काढून टाकावी. एक सावधगिरी मात्र घ्यावी: चिन्हाला मऊ सावली असेल तर ट्रिम सावलीच्या टोकापर्यंतच होते आणि सावली एकाच बाजूला असल्यामुळे चौकोनाचा मध्य चिन्हाच्या मध्यापासून ढळतो. म्हणून सावली चित्रातच कायमची न मिसळता स्लाइड शोच्या प्रोग्रॅममध्येच द्यावी.

फिरवलेल्या चित्राचेही असेच आहे. पॉवरपॉइंटमध्ये जागेचे आकडे चित्र फिरवण्यापूर्वीच्या चौकोनाचे असतात आणि चित्र स्वतःच्या मध्याभोवती फिरते. १० सेंटिमीटर रुंद आणि ६ सेंटिमीटर उंच चित्र ९० अंशांत फिरवले, की त्याची दिसणारी रुंदी ६ सेंटिमीटर होते, पण मध्य पूर्वीच्याच जागी, डावीकडून ५ सेंटिमीटरवर राहतो. त्यामुळे दिसणारी कड २ सेंटिमीटर आत येते. म्हणून आडव्या अंतरात उणे २ लिहावे. वरच्या कडेला उलट घडते: उभे अंतर शून्य ठेवले तर चित्र २ सेंटिमीटर स्लाइडबाहेर जाते, म्हणून तिथे अधिक २ लिहावे.

प्रश्न : थर सुरुवातीला बरोबर जागी असतो, पण झूम सुरू झाला की त्याची डावी कड बाहेर सरकते. ती एकाच जागी कशी धरून ठेवावी? तसेच बाणाच्या कळीने थर हलवताना तो मोठी उडी का घेतो?

उत्तर : झूम थराच्या मध्याभोवती होत असेल तर चित्र दोन्ही बाजूंना सारखेच वाढते. ६०० पिक्सेल रुंद थर १२० टक्के केला, की तो ७२० पिक्सेलचा होतो आणि प्रत्येक बाजूला ६० पिक्सेल बाहेर येतात. डावी कड जागेवर ठेवायची असेल, तर झूम ज्या क्षणी संपतो त्याच क्षणाच्या कीफ्रेममध्ये (थराची जागा आणि आकार ठरवणाऱ्या खुणेत) थराचा मध्य ६० पिक्सेल उजवीकडे न्यावा. झूम आणि सरकणे या दोन्हींची गती सारखी ठेवावी; एकाची गती एकसारखी आणि दुसऱ्याची हळूहळू वाढणारी असेल, तर सुरुवात आणि शेवट जुळूनही मधल्या प्रवासात कड डोलते.

उडीचे कारण साधे आहे. ग्रीडला चिकटण्याची सोय चालू असते, त्यामुळे पॉवरपॉइंटमध्ये बाणाची कळ एका ग्रीडइतके अंतर कापते. बाणासोबत कंट्रोल दाबले की थर अगदी थोडाच हलतो, आणि माउसने ओढताना ऑल्ट दाबून ठेवले की ग्रीड तेवढ्यापुरते सुटते. इम्प्रेसमध्ये पिक्सेल-पिक्सेल सरकवण्यासाठी ऑल्ट आणि बाण वापरावेत. आकड्यांनीच जागा सांगायची असेल, तर तिथे एफ-४ दाबल्यावर उघडणाऱ्या खिडकीत मोजणीसाठी थराच्या नऊ बिंदूंपैकी हवा तो निवडता येतो, ही सोय मला पॉवरपॉइंटपेक्षा सरस वाटते.