कृष्णवर्णीय स्त्रियांवरील अन्याय हा वंशभेद की लिंगभेद?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : अमेरिकेत वंशभेदाविरुद्ध कायदा आहे आणि लिंगभेदाविरुद्धही आहे, तर कृष्णवर्णीय स्त्रीने जो अन्याय झाला असेल त्यानुसार दाद मागावी, ‘दोन्ही मिळून’ असा तिसरा प्रकार कशासाठी मानायचा? मी कामगार कायद्याच्या क्षेत्रात वकिली करते, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मला एका कारखान्याच्या सेवाज्येष्ठता यादीतून देणे सर्वांत सोपे वाटते.

सेंट लुईस येथील जनरल मोटर्सच्या कारखान्यात १९६४ पूर्वी कृष्णवर्णीय स्त्रियांना कामावर घेतले जात नव्हते. त्या वर्षी नागरी हक्क कायदा झाला आणि त्यानंतर हळूहळू त्यांना प्रवेश मिळू लागला. पुढे १९७०च्या दशकातील मंदीत कपात करण्याची वेळ आली, तेव्हा कंपनीने ‘शेवटी आलेला आधी बाहेर’ हे तत्त्व लावले. आपल्याकडेही १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याने हेच तत्त्व स्वीकारले होते आणि एरवी ते कामगाराचे संरक्षणच करते, कारण त्यामुळे मालकाला मर्जीप्रमाणे माणसे निवडून काढता येत नाहीत. परंतु ज्यांना दारातच उशिरा घेतले, त्या यादीच्या तळाशी असणार हे उघड आहे. १९७० नंतर लागलेल्या सर्व कृष्णवर्णीय स्त्रियांची नोकरी या कपातीत गेली.

त्यांच्यापैकी पाच जणींनी दावा लावला. १९७६ मध्ये जिल्हा न्यायालयाने दिलेला निकाल (डिग्रॅफनरीड विरुद्ध जनरल मोटर्स) मी प्रथम वाचला तेव्हा त्यातील तर्क इतका नीटनेटका वाटला की त्यात गफलत कोठे आहे हे कळायला मला दुसऱ्यांदा वाचावे लागले. न्यायालयाचे म्हणणे असे की, कंपनी १९६४ पूर्वीही स्त्रियांना नोकरी देत होती, म्हणून लिंगभेद सिद्ध होत नाही. त्या स्त्रिया गोऱ्या होत्या, ही गोष्ट या हिशोबात आलीच नाही. वंशभेदाची तक्रार असेल तर त्याच कंपनीविरुद्ध वंशभेदाचा जो दुसरा दावा चालू आहे त्यात सामील व्हावे, असे सुचवण्यात आले. वादींचे म्हणणे होते की आमची तक्रार निव्वळ वंशभेदाची नाहीच. यावर न्यायालयाने, दोन कारणे एकत्र करून एखादा ‘विशेष उपाय’ निर्माण करता येणार नाही, आणि गणितातील क्रमचय-संचयाप्रमाणे संरक्षित गट वाढत गेले तर पँडोराची पेटीच उघडेल, अशी भीती व्यक्त केली.

म्हणजे गोऱ्या स्त्रीला मिळालेली नोकरी ‘स्त्रियांना’ मिळाली असे धरायचे, कृष्णवर्णीय पुरुषाची तक्रार ‘कृष्णवर्णीयांची’ धरायची, आणि कृष्णवर्णीय स्त्री उभी राहिली की तिला मात्र ‘तू नेमकी कोण?’ असे विचारायचे. पुढील वर्षी अपील न्यायालयाने जिल्हा न्यायालयाच्या या तर्काशी आपण पूर्णपणे सहमत नसल्याचे नोंदवले, पण सेवाज्येष्ठतेच्या मुद्द्यावर निकाल कंपनीच्याच बाजूने राहिला.

याची उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. १९८३ मध्ये ह्यूज हेलिकॉप्टर कंपनीविरुद्धच्या प्रकरणात अपील न्यायालयाने म्हटले की, वादीने ‘स्त्री म्हणून’ नव्हे तर ‘कृष्णवर्णीय स्त्री म्हणून’ तक्रार केली असल्याने ती प्रातिनिधिक दाव्यात गोऱ्या स्त्रियांचे प्रतिनिधित्व नीट करू शकेल का, याची शंका आहे. गोऱ्या स्त्रीने सर्व स्त्रियांच्या वतीने बोलायला उभे राहावे तर तिला हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. एका प्रकरणात वेगळेपण मान्य नाही, दुसऱ्यात वेगळेपणच नडले. किंबर्ले क्रेनशॉ या कायद्याच्या अभ्यासिकेने १९८९ मध्ये हे निकाल शेजारी शेजारी ठेवून ‘इंटरसेक्शनॅलिटी’ ही संकल्पना मांडली, म्हणजे वंश आणि लिंग यांसारखे भेद एकमेकांत मिसळून घडणारा वेगळाच अन्याय. मराठीत तिला ‘आंतरछेदिता’ म्हणतात. शब्द बोजड आहे, पण आपण सर्रास वापरतो त्या ‘दुहेरी शोषण’ या शब्दापेक्षा मला तो बरा वाटतो. ‘दुहेरी’ म्हटले की एकावर एक घातलेली दोन ओझी डोळ्यांसमोर येतात, आणि मग एकेक ओझे वेगळे उतरवता येईल असे वाटू लागते. आपल्या प्रश्नामागेही, मला वाटते, हेच चित्र आहे.

क्रेनशॉ यांच्या कितीतरी आधी पॉली मरे या कृष्णवर्णीय अमेरिकन वकील स्त्रीने हे स्वतः भोगले होते. १९३८ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने त्यांना वर्णामुळे प्रवेश नाकारला, आणि १९४४ मध्ये हॉवर्ड विद्यापीठातून कायद्याच्या परीक्षेत पहिल्या येऊनही हार्वर्डने, त्या स्त्री असल्यामुळे, पुढील शिक्षणासाठी दार बंद केले. (गांधीजींच्या सत्याग्रहाचा त्यांनी अभ्यास केला होता आणि १९४०च्या दशकात वॉशिंग्टनमधील उपाहारगृहांतील धरण्यांमध्ये त्याचा उपयोगही झाला, आपल्याकडे त्यांचे नाव फारसे घेतले जात नाही याचे मला आश्चर्य वाटते.) दक्षिणेतील वंशभेदी कायद्यांना ‘जिम क्रो’ म्हणत, त्यावरून मरे यांनी स्त्रियांवरील बंधनांना ‘जेन क्रो’ म्हटले. १९६४च्या विधेयकातील नोकरीविषयक भागातून ‘लिंग’ हा शब्द वगळला जाण्याची शक्यता निर्माण झाली, तेव्हा त्यांनी टिपण लिहून दाखवून दिले की तो शब्द नसेल तर हा कायदा कृष्णवर्णीयांपैकी केवळ निम्म्यांच्याच उपयोगी पडेल. शब्द राहिला, पण बारा वर्षांनी सेंट लुईसच्या न्यायालयाने ‘वंश’ आणि ‘लिंग’ हे एकाच कलमातील दोन शब्द एकत्र वाचण्यास नकार दिला.

केसांचे उदाहरण याहून साधे आहे. १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या एका कृष्णवर्णीय कर्मचारी स्त्रीने, डोक्यालगत घट्ट विणलेल्या बारीक वेण्यांवरील बंदीला आव्हान दिले. नियम सर्व वंशांना आणि दोन्ही लिंगांना सारखाच लागू आहे, असे सांगून न्यायालयाने ती बंदी ग्राह्य धरली. शिवाय एका गोऱ्या अभिनेत्रीमुळे ही केशरचना लोकप्रिय झाल्यानंतर ती वादीने केली, या कंपनीच्या म्हणण्याचीही निकालात नोंद घेतली. कॅलिफोर्नियाने केशरचनेवरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध कायदा केला तो २०१९ मध्ये.

आकडेवारीतही तेच घडते. २०२१ मध्ये अमेरिकेत दर एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूंचे प्रमाण सरासरी ३२.९ होते, कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये मात्र ते ६९.९ आणि गोऱ्या स्त्रियांमध्ये २६.६ होते. केवळ ‘स्त्रिया’ असा रकाना ठेवला असता तर हा फरक दिसलाच नसता.

आता क्रमचय-संचयाच्या भीतीविषयी. १९८० मध्येच एका अपील न्यायालयाने ह्यूस्टनमधील प्रकरणात मान्य केले होते की, कृष्णवर्णीय पुरुषांवर किंवा गोऱ्या स्त्रियांवर अन्याय झाला नसतानाही कृष्णवर्णीय स्त्रियांवर भेदभाव होऊ शकतो. त्यासाठी नवा कायदा लागला नाही, असलेलेच कलम वेगळ्या नजरेने वाचावे लागले.

हा विचार आपल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंतही पोहोचला आहे. एप्रिल २०२१ मध्ये ‘पाटन जमाल वली’ प्रकरणात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालात, अनुसूचित जातीच्या एका अंध तरुणीवरील बलात्कारासंदर्भात जात, लिंग आणि अपंगत्व यांचा एकत्रित विचार करताना क्रेनशॉ यांच्या मांडणीचा आधार घेतला गेला. बलात्काराची जन्मठेप कायम राहिली. पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील शिक्षा मात्र रद्द झाली, कारण घटनेच्या वेळच्या तरतुदीनुसार पीडिता अनुसूचित जातीची आहे ‘या कारणावरून’ गुन्हा घडल्याचे सिद्ध करणे आवश्यक होते आणि तसा पुरावा नव्हता. २०१६ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने ती शब्दरचना बदलली असून, पीडितेची जात आरोपीला माहीत होती एवढे सिद्ध झाले तरी आता पुरते.