वाचक विचारतात : गळ टाकायला जाताना बसायला काय न्यावे?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी फुलेवाडीत राहतो, वय 52, वजन 84 किलो. रविवारी पहाटे शिंगणापूरपासून प्रयाग चिखलीच्या बाजूला पंचगंगेच्या काठाने चालत जातो आणि दुपारपर्यंत चार-पाच ठिकाणी गळ टाकतो. एका जागी पाऊण तासापेक्षा जास्त बसत नाही. गेल्या दिवाळीत हात टेकायला दांड्या आणि पेला ठेवायला जाळी असलेली मोठी घडीची खुर्ची घेतली. ती खांद्याला अडकवली की काठी, पिशवी आणि आमिषाचा डबा सांभाळताना तारांबळ उडते, आणि नदीच्या गाळात तिचे मागचे पाय रुततात. दुकानदार आता तीन पायांचे घडीचे स्टूल घ्या म्हणतो, मित्र ॲल्युमिनियमच्या नळ्यांची छोटी खुर्ची सुचवतो. डावा गुडघा अधूनमधून दुखतो. काय घ्यावे?

उत्तर : आपण प्रश्नात दिलेल्या माहितीतली सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे ‘चार-पाच ठिकाणी’ हे शब्द. चार ठिकाणी बसायचे म्हणजे बैठक चार वेळा उलगडायची, चार वेळा घडी करायची, आणि प्रत्येक ठिकाणी ओढ लागली की झटकन उठायचे, पुन्हा बसायचे. एका फेरीत वीस-पंचवीस वेळा तरी उठबस होते. त्यामुळे खुर्ची किती मऊ आहे, यापेक्षा ती एका हाताने किती लवकर उघडते आणि तिच्यावरून उठताना गुडघ्याला किती त्रास होतो, हे आधी पाहावे. आपली आताची खुर्ची एका जागी दिवसभर बसणाऱ्यासाठी केलेली आहे. ती वाईट नाही, पण तुमच्या कामाची नाही.

आता चिखलाकडे वळू, कारण खरी अडचण तिथेच आहे. पावसाळा संपल्यावर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातले की पाणी काठापर्यंत तुंबते, आणि पुढे पातळी उतरली की उघड्या पडलेल्या गाळावर वरून वाळलेली पापडी आणि खाली लोण्यासारखी काळी माती असा थर तयार होतो. पापडीवर माणूस चालू शकतो, पण खुर्चीचा पाय ती फोडून आत जातो. यामागचा हिशेब साधा आहे. तुमच्या 84 किलोंपैकी काही भार तुमच्या स्वतःच्या पावलांवर राहील, म्हणून स्टूलावर 64 किलो येतात असे धरू. चार पायांवर प्रत्येकी 16 किलो. नळीचा व्यास 2 सेंटिमीटर असेल, तर तिच्या टोकाचे क्षेत्रफळ सुमारे 3 चौरस सेंटिमीटर भरते, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला पाच किलोंहून जास्त दाब पडतो. त्याच पायाखाली 8 सेंटिमीटर व्यासाची चकती बसवली, तर क्षेत्रफळ 16 पट होते आणि दाब एक तृतीयांश किलोवर उतरतो. कापड, रंग, गादी यांच्या जाहिराती वाचण्याआधी म्हणूनच बैठक उलटी करून तिचे पाय बघावेत. रबराची बुचे नुसती दाबून बसवलेली असतील, तर ती पहिल्याच चिखलात राहतात, आणि उघडी पोकळ नळी मग मातीत पेरुला सुरी जावी तशी आत शिरते.

दुकानदाराने सुचवलेल्या तीन पायांच्या स्टूलाचे गुण मोठे आहेत, हे मान्य करायला हवे. ते अर्धा ते एक किलोचे असते, मिटले की जाड काठीएवढे होते, आणि जमीन कितीही उंचसखल असली तरी तिन्ही पाय टेकतातच, कारण तीन बिंदू नेहमी एका सपाटीत येतात. चार पायांचे स्टूल खडकावर डुगडुगते, तीन पायांचे डुगडुगत नाही. परंतु न डुगडुगणे वेगळे आणि न कलंडणे वेगळे. पाय मध्यापासून तेवढ्याच अंतरावर असले, तरी तीन पायांच्या बैठकीची कड मध्यापासून त्या अंतराच्या निम्म्यावर येते, तर चार पायांच्या बैठकीत ती साधारण सात दशांशांवर असते. म्हणजे बसल्या बसल्या बाजूच्या डब्याकडे हात लांबवला, की तीन पायांचे स्टूल चारच्या मानाने लवकर तोल सोडते. हे मी पुस्तकी सांगत नाही. एका बंधाऱ्याच्या खाली मासा पिशवीत टाकायला वळलो आणि स्टूलासकट पाण्यात बसलो, तेव्हा शेजारी गळ टाकून बसलेले आजोबा हसून म्हणाले, “पाट आणायचा हुता की!” त्यानंतर ते स्टूल मी घरात पंख्याची पाती पुसायला ठेवले आहे, आणि तेही करू नये असे घरच्यांचे मत आहे.

याखेरीज तीन पायांच्या स्टूलाची त्रिकोणी बैठक जड माणसाला काचते. सगळा भार तीन कोपऱ्यांवरच्या शिवणीवर येतो, आणि ज्यावर दांडे फिरतात तो मधला बोल्ट सैल झाला की पाय हवे तसे पसरतात. घ्यायचेच असेल, तर कोपऱ्यांचे कप्पे दुहेरी कापडाचे आणि आडव्या-उभ्या घट्ट टाक्यांचे आहेत का हे पाहावे, आणि बसताना त्रिकोणाचे एक टोक पुढे, दोन्ही मांड्यांच्या मध्ये यावे.

मित्राने सुचवलेली नळ्यांची छोटी खुर्ची, म्हणजे आत लवचिक दोरी ओवलेल्या नळ्या जोडून त्यावर कापड ताणायचे, ती साधारण एक किलोची असते आणि पाठीला आधारही देते. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश असल्यामुळे वजनात हा फरक पडतो. मात्र ॲल्युमिनियम तितकेच कमी ताठ असते, म्हणून चांगल्या खुर्चीत नळ्या जाड मिश्रधातूच्या असतात, आणि वाकलेली नळी परत सरळ करायच्या फंदात पडू नये, कारण तिथेच तिला तडा जातो. या खुर्चीचे दोन दोष तुमच्या बाबतीत अडतील. एक, ती जोडायला दोन्ही हात आणि दोन-तीन मिनिटे लागतात, जे चार-पाच वेळा नकोसे होते. दुसरा अधिक गंभीर आहे. तिची बैठक बहुधा जमिनीपासून 25-30 सेंटिमीटरवर असते आणि कापड झोळीसारखे खाली जाते. इतक्या खालून उठताना गुडघा पूर्ण दुमडलेल्या स्थितीतून शरीर उचलावे लागते, आणि दुखऱ्या गुडघ्याला नेमके तेच सोसत नाही.

माझा सल्ला असा आहे. इंग्रजी एक्ससारख्या कातरीत मिटणाऱ्या दोन चौकटींचे, खाली जमिनीला टेकणारे आडवे दांडे असलेले कापडी स्टूल घ्या. या प्रकारात चार टोके नसून दोन लांब दांडे जमिनीवर असतात, त्यामुळे भार आपोआप पसरतो आणि चकत्या लावण्याची गरजच बहुधा उरत नाही. ते एका झटक्यात उघडते, मिटले की पाटीसारखे चपटे होते, आणि खांद्याला पट्टा लावून पाठीवर टाकले की दोन्ही हात मोकळे राहतात. ॲल्युमिनियमचे एक किलोच्या आसपास, पोलादाचे दीड ते दोन किलोंचे मिळते. उंची 38 ते 42 सेंटिमीटर असावी. मोजताना बुटासह उभे राहून जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंतचे अंतर घ्या आणि दुकानात स्टूलावर प्रत्यक्ष बसून पाहा, कारण रिकामे कापड जिथे असते तिथून ते वजनाने चार-पाच सेंटिमीटर खाली जाते. भारक्षमता 120 किलो लिहिलेली असावी. तुमचे वजन 84 आहे म्हणून 90 पुरेल असा हिशेब करू नका, कारण माशाच्या ओढीनंतर धपकन बसताना स्टूलावर क्षणभर वजनाच्या कितीतरी जास्त भार येतो.

असे स्टूल दुकानात मनासारखे मिळाले नाही, तर कोल्हापूरकराला अडायचे कारण नाही. शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या छोट्या कारखान्यात चौकट वेल्डिंग करून मिळते, आणि ताडपत्री शिवणाऱ्याकडून वरचे कापड. चपला शिवणारे कारागीर चामड्याची बैठकही सुरेख करून देतात, पण भिजून वाळलेले चामडे कडक होते आणि नदीकाठी ते दर वेळी भिजणार, म्हणून माझे मत पॉलिएस्टरच्या जाड कापडाला. नायलॉन भिजल्यावर पॉलिएस्टरपेक्षा जास्त पाणी धरते आणि ढिले पडते. चौकटीला चकत्याच लावायच्या ठरल्या, तर त्यांना मध्ये दोन भोके पाडून घ्या, नाहीतर ओल्या मातीत हवेची वाट बंद होऊन चकती चिकटते आणि ओढताना पाय तरी निघतो किंवा माणूस तरी घसरतो.

आणखी एक गोष्ट बरोबर ठेवा : बंद पेशींच्या, म्हणजे आत हवेचे सुटे बंद बुडबुडे असलेल्या, फोमचा हातभर तुकडा. वजन शंभर ग्रॅमच्या आतबाहेर, पाणी शोषत नाही. काठावर दगडी बांधकाम किंवा खडक मिळाला, की स्टूल न उघडता हा तुकडा टाकून बसता येते. आमच्या आजोबांच्या पिढीत हे काम चौघडी घोंगडी करत असे, आणि तिची ऊब खरोखरच निराळी असते. परंतु भिजलेली घोंगडी वाहून आणलेल्या माणसाला फोमची किंमत लगेच कळते.

प्रश्न : मी शिरोळ तालुक्यातून लिहिते आहे. माझे वडील 71 वर्षांचे आहेत. आम्ही त्यांना आबा म्हणतो. नदीवर गळ टाकायला जाण्याचा त्यांचा हट्ट सुटत नाही. ते पाण्याच्या अगदी कडेला उकिडवे बसतात आणि मग धरून उठवावे लागते. हलकी खुर्ची घ्यायची आहे.

उत्तर : ताई, आबांच्या बाबतीत ‘हलकी’ हा शब्द जरा बाजूला ठेवू. ते फिरत नाहीत, एकाच जागी बसतात, आणि सामान उचलायला बरोबर घरचे कोणी असणार, हे गृहीत धरतो. त्यांना 42 ते 45 सेंटिमीटर उंचीची, हात टेकायला भक्कम दांड्या असलेली खुर्ची द्या, मग ती तीन-साडेतीन किलोंची झाली तरी चालेल. वयस्कर माणूस उठताना अर्धे काम हातांनी करतो. दांडीवर पूर्ण भार देऊन पाहा. ती बाहेर झुकत असेल, तर खुर्ची दिसायला कितीही सुंदर असो, परत करा. उतारावर खुर्ची पाण्याकडे तोंड करून ठेवताना मागच्या पायांची जागा खुरप्याने थोडी खणून घ्या, म्हणजे बैठक समपातळीत येते. पुढच्या पायांखाली दगड सारू नका, तो सरकतो.

खुर्ची पाण्याच्या कडेपासून चार-पाच मीटर तरी मागे असावी. तुमच्या भागातल्या कृष्णेत मगरी आहेत, आणि कडेला खाली वाकून स्थिर बसलेला माणूस हा मगरीच्या दृष्टीने सर्वांत सोयीचा असतो. लांब काठी घेतली, की मागे बसूनही गळ टाकता येतो. पावसाळ्यात तर मुळीच जाऊ देऊ नका. राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोहोचले की ते आपोआप उघडतात, आणि तो लोट भोगावतीतून पंचगंगेत आणि पुढे तुमच्याकडच्या कृष्णेत उतरतो. कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी मानली जाते, पण काठावर खुर्ची टाकून बसलेल्या माणसाला त्याच्या कितीतरी आधी उठावे लागते.

प्रश्न : दाबले की चपटे होणारे, ओढले की उंच होणारे गोल प्लास्टिकचे स्टूल कसे? आणि रंगाची रिकामी बादली वापरली तर? (एक विद्यार्थी, कळंबा)

उत्तर : ते ओढायचे स्टूल रेल्वेच्या रांगेत ठीक आहे. त्याच्या कड्या एकमेकींत अडकून उभ्या राहतात आणि त्या खाचांमध्ये वाळू किंवा गाळ गेला, की एखादी कडी अर्धवट बसते आणि भार पडताच खाली येते. तळ्याच्या काठी ते नेऊ नका.

बादलीची कल्पना मात्र उत्तम आहे, आणि विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारी. वीस लिटरची जाड बादली साधारण एक किलोची असते, तिचा तळ रुंद असल्यामुळे ती चिखलात रुतत नाही, आणि जाताना आमिष, दोरा, डबा, पाण्याची बाटली सगळे तिच्यातच जाते. झाकण मजबूत असावे. पातळ झाकण मधोमध बसल्यावर आत जाते, म्हणून त्यावर प्लायवुडचा गोल तुकडा आणि त्यावर फोम चिकटवा. खोटे वाटेल, पण दुखणे पाठीचे नसून मांडीला काचणाऱ्या कडेचे असते, त्यामुळे फोम कडेच्या बाहेर दोन बोटे आलेला हवा. गैरसोय एवढीच, की आमिष हवे असेल तेव्हा उठावे लागते. गांडुळांचा डबा बाहेर ठेवा. तोच डबा बादलीखालच्या सावलीत ठेवून मी एकदा त्यावर बादली टेकवली आहे.

आणि रंगाची बादली आधी नीट धुऊन, दोन दिवस उन्हात उघडी ठेवून मगच वापरा. सकाळी काठावर गवतात ठेवलेली बादली, खुर्ची किंवा स्टूल उचलण्याआधी काठीने हलवून पाहा. उसाच्या फडालगत घोणस सावलीला येऊन बसते, आणि तिला तुमच्याइतकीच ती जागा आवडते.